येळवशीचा पाहुणा

तुरीचा खुंट पायात घुसला की माणूस आधी ओरडत नाही, आधी शिवी देतो. इरम्मानं खाली बसून टाचेतली सल उपसली, वर चिमूटभर माती दाबली आणि कोयता पुन्हा हातात घेतला. बब्रुवान तात्याच्या रानात बसून राहायची सोय नव्हती. तात्या बांधावर उभा राहून बायांच्या पाठी मोजत असायचा. कुणाची पाठ सरळ झाली की लगेच हाळी, "काय गं, देव दिसला का वर?"

शेजारच्या ओळीत लालबी कापत होती. कापता कापता तिनं मान न वळवता विचारलं, "मग ठरलं तुझं? करतीस फोन?"

"करावंच लागंल."

"खुळी झालीस तू. नऊ वर्सं ज्यानं तोंड दावलं न्हाय, त्याला आवतान?"

"त्याच्यासाठी न्हाय गं. आत्यासाठी."

आत्या म्हणजे इरम्माची सासू, नागव्वा. म्हातारीचे दोन्ही डोळे गेलेले. सारा दिवस ओसरीवर बसून गावाचं बारीकसारीक कानानं गोळा करायची. हिवाळा लागल्यापासून खोकल्यानं तिला धरलं होतं आणि परवा, वेळ अमावस्येचा विषय निघाला तेव्हा, ती बोलून गेली होती, "इरम्मा, पुढची येळवस काय मला गावत न्हाय. या बारीला शरण्याच्या हातनं आंबील शिंपली जाऊंदे. मंग मला उचला खुशाल."

शरण्या म्हणजे शरणाप्पा, तिचा एकुलता एक लेक आणि इरम्माचा नवरा. सोलापूरला चादरीच्या कारखान्यात जातो म्हणून गेला तो गेलाच. तिथं त्यानं दुसरं घर केलं, त्या घरात दोन लेकरं झाली, हे मुरुमच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या नागव्वाला. इरम्मानं तिला सांगितलंच नव्हतं. आंधळ्या म्हातारीला काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं?

पुढं लालबीनंच तिला तहसीलला नेलं, निराधार योजनेचा अर्ज भरायला लावला आणि इरम्माचा पगार सुरू झाला. गावात त्या पैशाला पगारच म्हणतात, कागदावर काही का असेना. कागदावर इरम्मा होती परित्यक्ता आणि गावाच्या तोंडी टाकलेली. पहिला पगार हातात आला तेव्हा नागव्वानं विचारलं, "कशाचं गं पैसं?" इरम्माच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या लेकानं धाडल्यात." म्हातारीनं त्या नोटा कपाळाला लावल्या, आणि त्या दिवशी कधी नव्हे ती अख्खी भाकरी खाल्ली. झालं! तेव्हापासून दर पगाराला तेच. मुरुमच्या बँकेतून यायचं, नोटा म्हातारीच्या हातात ठेवायच्या, "लेकानं धाडलंय" म्हणायचं. त्याच पैशात म्हातारीचं औषध, त्यातच लेकीच्या, शिवप्रियाच्या, कॉलेजचा खर्च. मजुरी तर काय, काम असलं तर, नाहीतर शिमगा.

लालबीचा नवरा आयुब टेम्पोनं सोलापूरच्या मार्केटला कांदा न्यायचा. त्याच्याजवळ शरणाप्पाचा नंबर होता. संध्याकाळी इरम्मानं त्याच्याच फोनवरून लावला.

"कोण?"

"म्या. इरम्मा."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "काय पायजे?"

"काय नको. तुमच्या अव्वा लई आठवण काढत्यात. येळवशीला एक दिवस या. आंबील शिंपा, जेवा, जावा."

"पैशाबियशाचं बोलणार न्हायस ना?"

"न्हाय. फकस्त एक हाय. तुमी दर म्हैन्याला पैसं धाडता, असं म्या अव्वास्नी सांगत आलीय. तेवढं सांभाळा."

शरणाप्पा हसला. "बरं केलंस की मग," म्हणाला आणि फोन ठेवला.

येळवशीच्या दिवशी त्या भागात गावात चिटपाखरू राहत नाही. सगळं गाव रानात. नागव्वाच्या नावावर एवढीशी मुरमाड पट्टी, बब्रुवान तात्याच्या विहिरीला लागून. तीत इरम्मानं ज्वारी टाकलेली. शिवप्रियानं आणि तिनं कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केली, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, वर नागव्वाचं जुनं इरकली लुगडं पांघरलं. भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, शेंगाच्या पोळ्या, मडकं भरून आंबील. इरम्मानं आदल्या पहाटेपासून पाठ टेकली नव्हती.

आणि आला हो शरणाप्पा! इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला काळा चष्मा, पोट जरा सुटलेलं. नागव्वानं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. गाल, कान, कपाळ, पुन्हा गाल. "वाळलास रं," म्हणाली. शरणाप्पाचं पोट बघून आयुबला हसू आवरेना. लालबीनं त्याला कोपर मारलं.

शिवप्रिया दूर बांधावर उभी होती. "केवढी झालीस गं!" असं बाप म्हणाला तेव्हा तिनं रिकामी घागर उचलली आणि पाण्याला निघून गेली. जाता जाता आईजवळ थांबून हळूच म्हणाली, "तू बोलवलंस ह्यांना?" इरम्मा पोळ्यांवरचं फडकं सारखं करत राहिली.

आंबील शिंपायची वेळ झाली. घरधनी पुढं आणि घरधनीण मागं, ही रीत. शरणाप्पानं डोक्यावरून घोंगडी घेतली. इरम्मा आंबिलीची लहान घागर, बिंदगं, कडेवर घेऊन मागं चालू लागली. तो ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपत येळवशीची आरोळी देत होता, "ओलगे, ओलगे, सालम पोलगे!" खोपीत बसलेली नागव्वा आवाज जाईल तिकडं मान फिरवत होती. तिच्या सुरकुतल्या तोंडावर असं काही होतं की, इरम्माला वाटलं, केलं ते बरं केलं. चालता चालता त्याच्या घोंगडीचा दशा असलेला काठ तिच्या हाताला लागत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या तरी मागून चालत होती आणि, खोटं कशाला बोला, क्षणभर तिला ते बरंही वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी कुणीही कुणाच्याही रानात जेवतं. बब्रुवान तात्या शिंपणं चालू असतानाच शेजारच्या रानातून आपल्या माणसांसकट आला होता. त्याची सून आरोही मोठ्या शहरातली, नव्यानं आलेली, तिला सगळ्याचंच अप्रूप. तिनं खोपीचे, पांडवांचे, घोंगडी घेतलेल्या शरणाप्पाचे आणि मागून चालणाऱ्या इरम्माचे फोटो काढले.

पंगतीत शरणाप्पाला चेव आला. बोटं चाटत मोठ्यानं म्हणाला, "अव्वा, दर म्हैन्याला धाडतो न्हवं मी? न चुकता? पुरत नसंल तर सांग. लाजू नको."

"पुरतंय रं माझ्या राजा," नागव्वा म्हणाली.

इरम्माच्या हातातली पळी भज्जीच्या भांड्यात तशीच राहिली. निलाजरेपणाला काही सीमा? आणि तात्याचा घास तोंडाजवळ थांबला होता. त्यानं शरणाप्पाकडं बघितलं, मग इरम्माकडं, मग घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसला.

दिवस कलायच्या आधीच शरणाप्पा सोलापूरच्या गाडीनं गेला. घोंगडी बांधावर टाकून.

फोटो त्याच संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर गेले. आरोहीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तिनं खाली हात जोडल्याच्या खुणाही टाकल्या होत्या. पण त्या ग्रुपवर तलाठी अर्पिता मॅडमही होत्या, आणि निराधारच्या सगळ्या लाभार्थ्यांची फेरतपासणी करा असा वरून आदेश नेमका त्याच आठवड्यात आलेला. चौथ्या दिवशी कोतवाल दारात आला. "सोमवारी तुजा पंचनामा हाय. नवरा नांदवतो का न्हाय ते बगायचंय. नांदवत आसंल तर पगार बंद."

"कोण म्हणतंय नांदवतो?"

"फोटू म्हणतोय की," कोतवाल म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तात्याच्या खळ्यावर तूर बडवायचं काम होतं. काडाची धूळ नाकातोंडात जात होती, कुसळं गळ्यात रुतत होती. तात्या मुद्दाम इरम्माजवळ येऊन उभा राहिला.

"फोटू झकास आलाय गं तुमच्या जोडीचा."

इरम्मानं काठी थांबवली नाही.

"मॅडमनी मलाच पंच म्हणून बोलावलंय. दुसरा आयुब. पण आयुब तुझ्या बाजूचा, त्याच्या सहीला काय वजन? मी मात्र खरं तेच सांगणार. माझ्या कानांनी ऐकलंय, दर म्हैन्याला धाडतो म्हणून."

"तात्या, तुमाला म्हायती हाय सगळं."

"म्हायती लई हाय गं. आता बग, नागव्वाचं ते रान. माझ्या हिरीला लागून. तुला त्यात काय पिकतंय? माझ्याकडं दे वहिवाटीला. मी पाइपलाइन नेतो, ऊस लावतो, वर्साला तुला दोन पोती जवारी टाकतो. मग माझं बी ध्यान जरा कमी होतं. म्हातारपण हाय, इसरायला होतं." तो हसला. "इचार कर. सोमवार लांब हाय."

सोमवार कुठला लांब! घरी येताना इरम्मानं सगळं लालबीच्या कानावर घातलं. रान म्हातारीच्या नावावरचं. उसात गेलेली जमीन परत कुणाच्या हाताला लागली होती का आजवर? आणि पगार बंद झाला तर म्हातारीचं औषध कुठनं आणायचं, शिवप्रियाला काय सांगायचं? बारावीचं वर्ष तिचं.

"खरं सांगून टाक," लालबी म्हणाली. "टाकलंय म्हणावं. सोलापूरला दुसरी बायको हाय म्हणावं."

"आत्याच्या म्होरं?"

"सोमवारी मी तिला माझ्या घरी न्हेऊन बशिवते. सुनंच्या बाळाला खेळीव म्हणते. तिकडं तुझा पंचनामा होऊन जाईल."

तसं ठरलं. तीन दिवस इरम्माला घास गेला नाही. शिवप्रियाही आईशी धड बोलत नव्हती. एकदाच भांडी घासताना फणकारली, "आपल्या घासाचं श्रेय त्यांना देत होतीस. आता घे." मग लगेच रडायला लागली, आणि राखेच्या हातांनीच आईला बिलगली.

सोमवारी सकाळी लालबी न्यायला आली तर म्हातारी ओसरीवर चोळीलुगडं नीट करून, केस विंचरून बसलेली. "मी कुटं जात न्हाय," म्हणाली. "मॅडम येणार हाय न्हवं? कोतवाल वरडून गेला तवा मी काय बहिरी होते? मी बी भेटते. माझ्या शरण्याचं कवतिक करते चार शब्द."

तेवढ्यात बाहेर स्कूटीचा आवाज आला.

अर्पिता मॅडम पोरसवदा होत्या, पण आवाज सरळ. ओसरीवरच्या खाटेवर बसल्या, मांडीवर कागद घेतला. बब्रुवान तात्या खुर्ची ओढून समोर, आयुब दाराला टेकून. गल्लीतल्या बाया कुडाला कान लावून उभ्या.

"ताई, नवरा नांदवतो का?" मॅडमनी विचारलं.

इरम्मा पुढं झाली, खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, जरा भाईर येता? तितं बोलते."

"पंचांसमोरच बोलावं लागतं, ताई. नाहीतर उद्या माझ्यावर येतं."

"मी सांगतो की," तात्या घसा खाकरून म्हणाला. "येळवशीला जोडीनं आंबील शिंपली, फोटू तुमच्याकडं हायच. पंगतीत तीस माणसांसमोर म्हणाला, दर म्हैन्याला न चुकता पैसं धाडतो. आता इरम्मानंच काय ते सांगावं. काय इरम्मा? इचार केलास का?"

त्या 'इचार'वर त्यानं जो जोर दिला तो फक्त तिलाच कळला. तिनं ओसरीच्या कडेला पाहिलं. नागव्वा उन्हाकडं तोंड करून बसली होती, ओठांवर हसू. नाही म्हटलं तर हे हसू गेलं. हो म्हटलं तर पगार गेला. आणि तात्याचं ऐकलं तर रान गेलं. रान द्यायचं नाही, एवढं तिच्या मनात पक्कं झालं होतं. राहिल्या दोन गोष्टी.

"ताई?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय," इरम्मा म्हणाली. "धाडत्यात. दर म्हैन्याला."

"आई!" शिवप्रिया किंचाळली. लालबीनं कपाळाला हात लावला. मॅडमनी लिहायला पेन टेकवला.

"थांबा, मॅडम," नागव्वा म्हणाली. "पोरगी खोटं बोलतीय."

मॅडमनी पेन उचलला.

"फोन लावा शरण्याला," म्हातारी म्हणाली. "मोठ्यानं लावा. सगळ्यास्नी ऐकू येऊंद्या."

आयुबनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. फोन लागला.

"शरण्या, मी अव्वा. हितं तलाठी बसल्यात. इचारत्यात, तू पैसं धाडतोस का?"

तलाठी म्हटल्यावर शरणाप्पा सावध झाला. पोटगीबिटगीचं लचांड असावं असं त्याला वाटलं असणार. घाईनं म्हणाला, "धाडतो की! दर म्हैन्याला धाडतो. बायकूला सोडलेलं न्हाय मी, लिव्हून घ्या."

तात्यानं समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

"शाना माझा," नागव्वा म्हणाली. "कुणाच्या हाती धाडतोस रं?"

"हाती कशाला? बँकेत टाकतो."

"कुटल्या बँकेत?"

"कुटल्या म्हंजे... तितंच की. उमरग्याच्या."

"तिचं खातं मुरुमला हाय, शरण्या."

"आगं तेच म्हणतोय मी... अव्वा, आवाज येत न्हाय... गाडीवर हाय मी..." आणि फोन बंद झाला.

म्हातारीनं खोकून घेतलं. खोकताना तिची बोटं ओसरीच्या मातीत रुतली होती. मग ती हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"डोळं गेलं माझं, कान न्हाय गेलं. ज्या दिशी गावातल्या निराधार बाया पगाराला जात्यात त्याच दिशी माझ्या लेकाचा पैसा येतो व्हय? आन त्यांचा पगार थकला की त्याचा बी थकतो? माझ्या पोटचा हाय तो. ल्हानपणी शेजारच्या पोराला शेंगदाणा दिला न्हाय त्यानं." तिनं हात पुढं केला. "आणा ते कागुद. अंगठा लावते."

"आजी, काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"लिव्हा, टाकलंय. एकटीला न्हाय. दोघींना टाकलंय. नातीला धरून तिघींना."

मॅडम लिहू लागल्या. नागव्वानं तात्याच्या खुर्चीच्या दिशेला तोंड केलं. "बब्रुवान, तुजी सही लागती न्हवं? कर की मग. तुज्या आईचा बी निराधारचा पगार येतो, तिच्या कागदावर कुणी इचारलं न्हाय, दारात टॅक्टर कुणाचा हाय म्हणून. ह्या मॅडम नव्या हायत्या, त्यास्नी म्हायती नसंल."

कुडापलीकडं कुणीतरी फिसकन हसलं. अर्पिता मॅडमनी पेन थांबवून तात्याकडं पाहिलं. तात्यानं कागद ओढून घेतला आणि वाचलंही नाही, सही ठोकली. जाताना चपला पायात नीट घालायचं भान त्याला राहिलं नाही. उलट्या घालून अंगणापर्यंत गेला. आयुबनं सही केली. मॅडम स्कूटीवर बसताना म्हणाल्या, "पगार चालू ठेवावा असाच अहवाल मी पाठवते, ताई. खोटं बोलू नका पुन्हा. तुमच्याच अंगाशी आलं असतं."

गल्ली पांगली. नागव्वा भिंतीकडं तोंड करून झोपली ती दिवसभर उठली नाही. अंगठ्याची शाई तिनं पुसू दिली नाही. इरम्मा दोनदा जवळ जाऊन आली. दिवेलागणीला तिनं दुधात भाकरी कुस्करली आणि वाटी घेऊन शेजारी बसली.

"आत्या, दोन घास खावा."

म्हातारी भिंतीकडंच तोंड करून म्हणाली, "इतकी वर्सं का बोललीस गं खोटं?"

"तुमास्नी घास गोड लागावा म्हणून."

"आन तुमास्नी ठावं होतं तर तुमी का न्हाय बोललासा?" असंही इरम्माला विचारायचं होतं, पण म्हातारीचं अंग हलताना दिसलं. ती रडत होती. डोळे गेलेले असले तरी पाणी राहिलं होतं. इरम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तिलाही रडू कोसळलं, एवढ्या वर्षांचं.

रडून झाल्यावर नागव्वा उठून बसली. हात चाचपत वाटीपाशी आला. एक घास तिनं खाल्ला, सावकाश चावला.

"लेकाचा म्हणून न्हवतं गोड लागत," ती म्हणाली. "तू आणतीस म्हणून लागत होतं."

इरम्मानं वाटीतला दुसरा घास कालवला.

"ती घोंगडी कुटं हाय? त्यानं बांधावर टाकलेली?"

"हाय. झटकून ठेवलीय."

"धुवून ठेव. जगले वाचले तर पुढच्या येळवशीला तू घे डोक्यावरनं. बिंदगं शिवप्रिया धरंल." तिनं वाटी पुढं केली. "आन दूध घाल आजून. कोरडं झालंय."

इरम्मा दूध आणायला उठली.